ही भाग्यपत्रिका आम्हाला मान्य नाही

हे शेवटचे पत्र आहे.

आधीची पत्रे तुमच्या दप्तरात आहेत. त्यांच्या पोचेचे शिक्के आमच्या फाइलीत आहेत. उत्तर दोन्हीकडे नाही.

तुमचे नाव आम्ही घेत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांचे नियम ज्यांच्या सहीने निघतात, भाग्यपत्रिका, म्हणजे कोणता संघ कुणाशी खेळणार ते ठरवणारा कागद, ज्यांच्या टेबलावर तयार होते, महापालिका शाळांतल्या मुलांची मैदाने, बूट आणि क्रीडाशिक्षक ज्यांच्या मंजुरीवाचून अडून राहतात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. ज्याचे त्याला कळेल.

आम्ही गोवंडीचे. शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी, रफिकनगर, नटवर पारेख कंपाऊंड. आमच्यात पालक आहेत, शिक्षक आहेत, माजी खेळाडू आहेत, बिनपगारी प्रशिक्षक आहेत. मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ बोलणारी माणसे आहेत. या प्रश्नावर आमची भाषा एक आहे.

विषय साधा आहे.

गोवंडी मुंबई उपनगर जिल्ह्यात येते. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा दरवर्षी होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य.

या स्पर्धांत महापालिकेची शाळा आणि भरमसाट शुल्क घेणारी खासगी शाळा एकाच भाग्यपत्रिकेत येतात. सांघिक खेळांत पद्धत बहुधा बाद. एक सामना हरलात की वर्ष संपले.

कागदावर याला समान संधी म्हणतात.

तो कागद आम्ही वाचला आहे. आता मैदान तुम्ही वाचा.

एका बाजूला स्वतःचे टर्फ असलेली शाळा. पगारी प्रशिक्षक. शाळेची बस. सरावाला वेगळा संच, सामन्याला वेगळा.

दुसऱ्या बाजूला दोन सत्रांत भरणारी शाळा. एकाच आवारात तीन-तीन माध्यमे. मैदानाच्या नावाने फरशी घातलेले अंगण. पीटीचा तास गणिताला दिलेला. बूट दोघांत एक जोडी.

सामना अंधेरीच्या क्रीडा संकुलात लागला, तर आमची पोरे पहाटे निघतात. हार्बरने कुर्ला. कुर्ल्याहून मध्य रेल्वेने घाटकोपर. घाटकोपरहून मेट्रो. मग पायी. समोरचा संघ बसमधून उतरतो आणि वॉर्मअप करतो. आमचा संघ पोहोचतो आणि पाणी शोधतो.

शिट्टी दोघांसाठी एकाच वेळी वाजते. तुमची समानता तेवढीच.

गोवंडीत मूल कुठे खेळते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

नटवर पारेख कंपाऊंडमध्ये दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. त्यात कबड्डीचे अर्धे अंगणही मावत नाही. तिथे ऊन पोहोचत नाही, क्षयरोग पोहोचतो. हे अभ्यासांती नोंदवले गेले आहे.

शेजारच्या देवनारला शहराचा कचरा १९२७ पासून पडतो. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा धुरामुळे परिसरातल्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या हवेत आमची मुले धावायला शिकतात. खेळाडूला धाप लागली की आमचे प्रशिक्षक आधी हवेकडे पाहतात, मग मुलाकडे.

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात येते तो एम पूर्व विभाग शहरात तळाला होता. अहवाल महापालिकेचाच होता. आम्ही तळाला आहोत, हे तुम्हाला आमच्याकडून कळलेले नाही. तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे.

जागा नाही, असे सांगू नका.

२०२४ मध्ये देवनार क्षेपणभूमीची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचे ठरले. म्हणजे गरज मान्य झाली की जमीन निघते. आम्ही एकरांत मागत नाही. मुलांना संध्याकाळी दोन तास पळता येईल एवढे मागतो.

पैसा नाही, असेही सांगू नका.

२०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. शिक्षणाचा आकडा त्यात चार हजार कोटींच्या आसपास. या रकमेत बुटांचे जोड बसत नाहीत, हे उत्तर यापुढे स्वीकारले जाणार नाही.

कायदा तर तुमचाच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान सांगितले आहे. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य सांगितले आहे. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कलम ९ प्रमाणे इमारत, शिक्षक आणि साहित्य पुरवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द कायद्यातला आहे, आमचा नाही.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही. तिथे शाळेच्या मैदानावर अतिक्रमण झाले होते. आमच्याकडे अतिक्रमण व्हायला मैदानच नाही.

शाळांच्या पाट्या मात्र बदलल्या. मुंबई पब्लिक स्कूल अशी अक्षरे आली. रंग चांगला आहे. रंगावर आमचा आक्षेप नाही.

आता मूळ मुद्दा.

तुम्ही म्हणाल, हा खेळ आहे. कुणी जिंकणार, कुणी हरणार. पोरांनी हार पचवायला शिकावे.

आमची पोरे हार पचवतात. ते त्यांना शिकवावे लागत नाही.

पण या स्पर्धेत नुसता चषक मिळत नाही. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात, जास्तीत जास्त २५. कोणत्या पातळीपर्यंत खेळलात आणि कितवे आलात, यावर ते ठरतात. अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी जागा राखीव आहेत. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या वाटेचे पहिले दार शालेय स्पर्धेचे.

गुण शिक्षण मंडळ देते. जागा सरकार देते. नोकरी सरकार देते.

बक्षीस सार्वजनिक आहे. मग ते वाटण्याची पद्धत कुणाच्या सोयीची असू शकत नाही. ज्या भाग्यपत्रिकेवर सरकारी गुण आणि सरकारी जागा अवलंबून आहेत, ती सरकारी कृती आहे. तिला समानतेचा नियम लागू होतो. खेळात असेच असते, हे उत्तर तिथे चालत नाही.

पहिल्या फेरीत बाद झालेला गोवंडीचा मुलगा एक सामना हरतो, एवढेच तुम्हाला दिसते. त्याच्या हातून गुण जातात, प्रवेश जातो, पुढची वाट जाते. ज्याच्याकडे आधीच सगळे आहे, त्याच्या खात्यात ते जमा होते.

हे दरवर्षी होते. तुमच्या सहीने होते.

विषम सामना कसा दिसतो, याचे एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिले आहे.

जानेवारी २०१६. कल्याण. भंडारी चषकाचा आंतरशालेय सामना. प्रणव धनावडे या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय.

प्रणवचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. रिक्षाचालकाच्या मुलाने मिळालेली प्रत्येक संधी घेतली. त्याच्याविषयी आमची तक्रार नाही.

आमचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. ३१ आणि ५२. समोर कोण उभे होते? त्यांची थोरली मुले परीक्षेमुळे आली नव्हती, असे तेव्हाच छापून आले होते. तो सामना त्या दिवशी कुणी थांबवला नाही. नियमात थांबवण्याची जागाच नव्हती.

जगाने विक्रम मोजला. आम्ही नियमाची पोकळी मोजली. त्या सामन्यात दोन्ही शाळा खासगी होत्या. मग अंगणात सराव करणाऱ्या आमच्या शाळेचे पहिल्या फेरीत काय होत असेल, याचा हिशेब तुम्ही करा. आमच्या सामन्यांत विक्रम होत नाहीत, म्हणून बातमी होत नाही. एवढाच फरक.

आता खेळाडू उचलण्याविषयी.

मुंबईत हे नवे नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रमात गेला, तो प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या सल्ल्याने. कारण शारदाश्रमात क्रिकेट होते. १९८८ मध्ये आझाद मैदानावर त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी केली. ती शारदाश्रमाच्या नावावर लागली. मूल खेळ जिथे आहे तिथे जाते. जावे. आम्ही कोणत्याही आईला थांबवणार नाही.

पण आज हे काम पद्धतशीर चालते. महापालिका शाळेच्या सातवीतला चपळ मुलगा कुणाच्या तरी नजरेत भरतो. शुल्क माफ होते. किट मिळते. पुढच्या हंगामात तो समोरच्या संघात असतो.

आम्ही घडवायचे आणि आम्हीच त्याच्याविरुद्ध हरायचे.

हे झाकून होते. कुठे नोंद नाही. माफी किती, कधीपर्यंत, कोणत्या अटीवर, हे पालकांनाही लेखी मिळत नाही. गुडघा दुखावला तर पुढच्या वर्षी शुल्क कोण भरणार, हे कुणी सांगत नाही.

आणि या वाटेवर आमच्या मुलांना तुम्हीच ढकलता.

महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. माध्यमिक शाळा थोड्या. म्हणजे १४ वर्षांखालील गटात आमचा संघ असतो. १७ वर्षांखालील गटात तोच संघ उभा करायला शाळाच नसते. ज्या वयात खेळाडू घडतो, त्या वयात आमची पोरे चार दिशांना पांगतात. काही खासगी शाळेत जातात. काही कामाला जातात.

मुलींचे तर विचारू नका. आठवीनंतर शाळा लांब गेली की खेळ सुटतो. मग शाळाही सुटते. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, परतायला उशीर होतो. घरचे नाही म्हणतात. त्यांचे चुकते असे म्हणायला आमची जीभ वळत नाही.

या सगळ्यावर उपाय नाही, असे भासवू नका.

अमेरिकेत हा वाद कित्येक वर्षे चालला आहे. तिथल्या राज्यांनी तो टाळला नाही. टेनेसीत १९९७ पासून शुल्कात मदत देऊन खेळाडू ठेवणाऱ्या खासगी शाळांचा वेगळा गट आहे. इलिनॉयमध्ये खासगी शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणून त्यांचा गट ठरवला गेला. इंडियानात सतत जिंकणाऱ्या शाळेला वरच्या गटात चढवतात, मग ती खासगी असो वा सरकारी. टेनेसीत शाळेने लहान खेळाडूंना गळाला लावण्यावर बंदी होती. एक खासगी शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २००७ मध्ये निकाल लागला. बंदी टिकली.

यांतला प्रत्येक उपाय निर्दोष नाही. पण तिथल्या संघटनांनी प्रश्न आहे हे मान्य केले, नियम केला, बदलला, पुन्हा केला. तुम्ही अजून पहिल्या पायरीवरही आलेला नाहीत.

मुंबईच्याच आंतरशालेय फुटबॉलमध्ये विभागवार श्रेणी आहेत. म्हणजे शाळांची प्रतवारी करणे या शहराला जमते. जिल्हा स्पर्धेत ते का जमत नाही?

आम्ही वेगळी चूल मागत नाही.

महापालिका शाळांचा वेगळा चषक, वेगळे बक्षीस, वेगळा फोटो, हे आम्हाला नको. तसा विजेता दुय्यम ठरतो. आम्हाला खासगी शाळांशी खेळायचे आहे. त्यांना हरवायचे आहे. फक्त पहिल्याच सकाळी नव्हे, तयारीच्या काही सामन्यांनंतर.

आता संयमाविषयी.

आम्ही अर्ज दिले. भेटी मागितल्या. बाकांवर बसलो. साहेब बैठकीत आहेत, हे ऐकले. साहेब बदलले, हे ऐकले. नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडे होता. गाऱ्हाणे सांगायला निवडून आलेले माणूस नव्हते. त्या काळातही आम्ही रस्त्यावर उतरलो नाही. मुलांच्या परीक्षा होत्या. हंगाम चालू होता.

आमच्या शांतपणाचा अर्थ तुम्ही चुकीचा लावला.

गोवंडीला लढता येत नाही, असा कुणाचा समज असेल तर तो दुरुस्त करावा. जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाविरुद्ध इथलीच माणसे उच्च न्यायालयात गेली. २०२३ मध्ये न्यायालयाने तो प्रकल्प हलवायला दोन वर्षांची मुदत घातली. धूर खाणाऱ्या माणसांनी कागद गोळा केले, तारखा सांभाळल्या, निकाल मिळवला.

तीच माणसे आता हा कागद लिहीत आहेत.

आमच्या मागण्या सहा आहेत. एकही नवीन नाही.

एक. जिल्हा पातळीवर सांघिक खेळांची पहिली फेरी साखळी पद्धतीने घ्या. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळाल्याशिवाय तो बाद होणार नाही, असा नियम करा.

दोन. पहिल्या फेरीचे गट साधनांवरून पाडा. स्वतःचे मैदान आहे का, पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आहे का, शुल्क किती, गेल्या तीन हंगामांत निकाल काय, हे चार निकष पुरेसे आहेत. प्रत्येक गटातून ठरावीक संघ अंतिम फेऱ्यांत येतील. तिथे सगळे एकत्र खेळतील.

तीन. शाळा बदलून आलेल्या खेळाडूंची नोंदवही ठेवा. मुलाचे नाव जाहीर करू नका. त्याची आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि दिलेली सवलत एवढे भाग्यपत्रिकेसोबत फलकावर लावा. सवलत दिलेल्या मुलाला दुखापत झाली, तरी ती दहावीपर्यंत चालू राहील, असे लेखी हमीपत्र शाळेकडून घ्या.

चार. नववी-दहावीचे वर्ग वाढेपर्यंत एम पूर्व विभागातल्या महापालिका शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांचा १७ वर्षांखालील संयुक्त संघ मान्य करा. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा.

पाच. एम पूर्व विभागातल्या महापालिकेच्या मैदानांवर रोज संध्याकाळी चार ते सहा हे दोन तास महापालिका शाळांसाठी राखून ठेवा. भाड्याने द्यायचे असेल, त्यानंतर द्या. प्रत्येक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नेमा. निदेशकाचे मानधन वेळेवर द्या.

सहा. पूर्व उपनगरांत किमान एक स्पर्धा केंद्र द्या. प्रवासखर्च, खाणे आणि बूट स्पर्धेआधी द्या. स्पर्धेनंतर मिळालेले बूट आमच्याकडे कोरे पडून आहेत.

यांतल्या एकाही मागणीसाठी विधिमंडळात जावे लागत नाही. बहुतेक एका परिपत्रकात बसतात. उरलेल्यांसाठी तरतूद आधीच आहे.

मुदत ३१ जुलै.

त्या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत लेखी निर्णय आमच्या हातात हवा. आश्वासन नको. समिती नको. लवकरच हा शब्द नको.

लेखी निर्णय आला नाही, तर पुढे काय होईल, ते आत्ताच सांगून ठेवतो. नंतर कल्पना नव्हती असे कुणी म्हणू नये.

१ ऑगस्टला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दाखल होतील. प्रत्येक खेळासाठी वेगळा, प्रत्येक वयोगटासाठी वेगळा. गेल्या पाच हंगामांच्या भाग्यपत्रिका, प्रवेशिका, क्रीडागुणांच्या शिफारशी. कोणत्या शाळांना किती गुण गेले, ते शाळेच्या प्रकारानुसार मागितले जाईल. ३० दिवस तुमचे. त्यानंतर अपील आमचे.

त्याच दिवशी दप्तर दिरंगाईच्या तक्रारी जातील. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आमच्या फाइली कोणत्या टेबलावर किती पडून राहिल्या, याच्या तारखा आमच्याकडे आहेत. तक्रार कार्यालयाविरुद्ध नसेल. टेबलाविरुद्ध असेल.

२९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन आहे. मेजर ध्यानचंद यांच्या तसबिरीला हार घातले जातील. भाषणे होतील. आम्ही तिथे असू. घोषणा देणार नाही. दोन रकान्यांचा एक तक्ता प्रत्येक पाहुण्याच्या हातात देऊ. डावीकडे खासगी शाळा, उजवीकडे महापालिका शाळा. मैदान, शिक्षक, सामने, गुण. वाचायला दोन मिनिटे लागतील.

हंगाम सुरू झाला की प्रत्येक सामन्याआधी नियमाप्रमाणे लेखी हरकत येईल. शुल्क भरून येईल. पंचांशी वाद होणार नाही. समोरच्या मुलांना एक वावगा शब्द ऐकू येणार नाही. त्यांचा दोष नाही.

आणि उच्च न्यायालयात याचिका दाखल होईल. राज्यघटनेचे कलम १४ आणि २१ क. सार्वजनिक लाभ ज्या पद्धतीने वाटला जातो, ती पद्धत न्यायालयासमोर मांडली जाईल. कागद तयार आहेत.

एक गोष्ट आम्ही करणार नाही.

आम्ही बहिष्कार घालणार नाही. आमचे संघ मागे घेतले, तर तुमचे काम सोपे होते. वॉकओव्हर लिहिला, पुढे चाल दिली, संपले. ती सोय तुम्हाला मिळणार नाही. गोवंडीचा प्रत्येक संघ प्रत्येक स्पर्धेत उतरेल. कमी बुटांत उतरेल, पण उतरेल.

मुलांना आम्ही मोर्चात आणणार नाही. मुले खेळतील. मोर्चा पालक काढतील.

खासगी शाळांच्या पालकांना दोन शब्द. तुमच्या मुलांच्या मेहनतीवर आमचा आक्षेप नाही. पहाटे पाचला उठणारे मूल कुठल्याही शाळेतले असो, ते आमचेच आहे. पण समोर कुणी नसताना मिळालेला विजय त्यालाही फारसे काही शिकवत नाही. तुम्हाला खरी स्पर्धा हवी असेल, तर या पत्राखाली तुमचीही सही चालेल.

महापालिका शाळांतल्या शिक्षकांनाही दोन शब्द. तुमच्यापैकी कितीजण स्वतःच्या खिशातून चेंडू आणतात, आम्हाला माहीत आहे. हा लढा तुमच्याविरुद्ध नाही. तुमच्यावर दबाव आला, तर तो कुणी आणला याची नोंद ठेवा. पुढचे आम्ही पाहू.

आणि तुम्हाला, ज्यांना हे पत्र आहे.

तुमच्याकडे अधिकार आहे. निधी आहे. कायदा आहे. नमुने आहेत. नव्हती ती फक्त मुदत. ती आज घातली.

३१ जुलैपर्यंत निर्णय तुमच्या हातात आहे. १ ऑगस्टपासून तो आमच्या हातात असेल.